उसंत

धाकटी वृद्धाश्रमात पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. जेवणं आटोपली होती, खोल्यांची दारं अर्धवट लोटलेली होती आणि लांबलचक मार्गिकेत फरशी पुसल्याचा ओलसर वास होता. तिच्या काखेत चपलांच्या खोक्याएवढा एक नवा संगणक होता. काम साधं होतं. खोल्यांतून सेविकांना बोलवायच्या घंटांचा जुना प्रोग्राम या नव्या संगणकात हलवायचा, जुना बंद करायचा आणि पाचच्या आत घर गाठायचं.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. पंचेचाळिशी ओलांडली, केस पिकले, कंपनीत हाताखाली सात माणसं आली, तरी नाव काही बदललं नाही. आणि वृद्धाश्रमही आता घरासारखाच झाला होता. सात नंबरच्या खोलीत तिचे वडील राहत होते. त्याआधी त्याच खोलीत, त्याच खाटेवर, तिची आई होती. अर्धांगाने लुळी पडलेली आई तिथेच दोन वर्षांपूर्वी गेली. झोपेतच गेली, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यानंतर बाबांनी हट्टच धरला, "मला तीच खोली द्या. दुसरी दिलीत तर मी येणार नाही." मिळाली. त्यांचं हृदय अगदी तोळामासा झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका.

तर व्यवस्थापकांनी फुकटात काम करून घ्यायला धाकटीला गळ घातली, आणि बाबांच्या खोलीची घंटाही याच प्रोग्रामवर चालते म्हटल्यावर तिला नाही म्हणवेना.

मार्गिकेच्या टोकाला कपड्यांच्या कपाटाशेजारी एक चिंचोळी खोली होती. तिथे जुना संगणक टेबलावर घरघरत होता. पंख्याचा आवाज इतका की मावशींना मोठ्याने बोलावं लागलं. मावशी म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या सेविका. वीस वर्षांत त्यांनी किती जणांचे डोळे मिटले असतील, त्यांनाच ठाऊक.

"हा असाच बोंबलतो बघ," मावशी म्हणाल्या. "मिस्त्रीबाबांनी बसवला तेव्हापासून. एवढ्या वर्षांत थांबलेला आठवत नाही, थंड तर नाहीच. मांजर येऊन वर झोपतं हिवाळ्यात."

मिस्त्रीबाबा म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ. अकरा नंबरमध्ये राहायचे. म्हातारपणी पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकले आणि इथल्या घंटा त्यांनी स्वतःच्या हाताने जोडल्या. मागच्या वर्षी तेही गेले. अकरा नंबर अजून रिकामीच होती.

मावशी थर्मासमधला चहा ठेवून गेल्या. धाकटीने खुर्ची ओढली आणि प्रोग्राम वाचायला घेतला.

वाचता वाचता तिला हसू आलं, पण कौतुकाचं. म्हाताऱ्याने फार जीव लावून लिहिलं होतं. ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता ती घटनांवर चालते. काही घडलं की काम करायचं, एरवी स्वस्थ बसायचं. कुणी बटण दाबलं, की दारावरचा लाल दिवा लागायचा आणि मार्गिकेत मिनिटभर घंटा वाजायची. त्याच वेळी एक हुकूम पुढच्यासाठी रांगेत पडायचा: एक लाख ऐंशी हजार मिलिसेकंदांनी, म्हणजे तीन मिनिटांनी, कुणी खोलीत जाऊन दिवा विझवला नसेल तर पुन्हा वाजव. कुणी गेलं, की तो हुकूम त्याच्या क्रमांकाने रद्द व्हायचा. आणि दुसऱ्यांदा वाजवूनही कुणीच आलं नाही तर? मिस्त्रीबाबांनी त्याचीही सोय केली होती. ती हाक फेकून द्यायची नाही. ती वेगळ्या रांगेत ठेवायची, आणि तिला वेळ द्यायची नाही, फक्त एवढंच सांगायचं: रिकामा झालास की वाजव.

म्हणजे यंत्राच्या हातात दुसरं कुठलंही काम उरलं नाही, की ती जुनी हाक आपोआप पुढे येणार.

पण इथेच म्हाताऱ्याची चूक झाली होती, असं धाकटीला वाटलं. 'कुणी बटण दाबलंय का?' हे यंत्राने स्वतःला सतत विचारत राहायचं होतं, आणि दोन वेळा विचारण्यामधलं अंतर मिस्त्रीबाबांनी ठेवलं होतं शून्य मिलिसेकंद. एकदा विचारून होतं न होतं तोच पुन्हा विचार. श्वास घ्यायला जागाच नाही. म्हणून पंखा बोंबलत होता. म्हणून यंत्र कधीच रिकामं होत नव्हतं आणि त्या वेगळ्या रांगेतली एकही हाक वाजत नव्हती. नवशिके हमखास करतात ही चूक. तिच्या हाताखालच्या सातांपैकी चौघांनी केली होती.

त्या शून्याच्या वरच मिस्त्रीबाबांनी एक ओळ लिहून ठेवली होती.

'शून्यच ठेवावे. यंत्राला उसंत मिळता कामा नये.'

"अहो मिस्त्रीबाबा, मरेल की ते," धाकटी स्वतःशीच म्हणाली. खरं तर हलवायचंच होतं, दुरुस्त कशाला करायचं? पण चांगल्या कारागिराला दुसऱ्याचा वाकडा खिळा दिसला की हात शिवशिवतात. या भाषेत प्रोग्राम चालू असतानाच त्यात बदल करता येतो. तिने शून्य खोडलं, पन्नास लिहिलं आणि बटण दाबलं.

पंखा हळूहळू मंदावला. मग थांबला.

कित्येक वर्षांनी त्या खोलीत शांतता झाली. कुठेतरी नळ ठिबकत होता तो ऐकू येऊ लागला. कुणाचं तरी घोरणं. चहाच्या कपावर घोंगावणारी माशी. धाकटीला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच, का कोण जाणे, मुळीच बरं वाटेना.

घंटा वाजली.

भिंतीवरच्या फळीवर दोन नंबरचा दिवा लागला. मावशी चपला फटफटवत गेल्या. दोन नंबरमध्ये निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांचा चढलेला आवाज इथपर्यंत आला.

"मी नाही दाबली! गाढ झोपलो होतो मी. झोपेत माणूस बटण दाबतो का?"

"मग काय मी दाबली?" मावशी म्हणाल्या.

धाकटी हसली. तिला कळलं होतं. पडद्यावर तिने ती वेगळी रांग उघडली. प्रत्येक हाकेचा क्रमांक, खोली आणि ती पहिल्यांदा कधी आली ती तारीख. पहिली ओळ पोस्टमास्तरांची होती, तीन वर्षांपूर्वीची. चष्मा खाटेखाली पडला असेल आणि कुणी आलं नसेल. ती हाक आत्ता, यंत्र रिकामं झाल्यावर, वाजली. झालं. हिशोब स्पष्ट होता.

ती मावशींना हे सांगायला उठली, तेवढ्यात पुन्हा घंटा झाली. दिवा अकरा नंबरचा होता.

मावशी मार्गिकेत जागच्या जागी थांबल्या. मग दोघी मिळून गेल्या. अकरा नंबरचं दार बाहेरून कडी लावलेलं होतं आणि वर लाल दिवा जळत होता. मावशींनी कडी काढली. आत खिडकी बंद, पडदा ओढलेला, खाटेवर नुसती गादी. त्या गादीच्या मधोमध खळगा होता. माणूस कुशीवर वळून उठला की राहतो तेवढा. दोघी बघत असतानाच तो खळगा हळूहळू भरून वर आला.

मावशींनी दिव्याचं बटण दाबलं. दिवा विझला. बाहेर येऊन त्यांनी कडी लावली, पण त्यांचा हात कडीवरच राहिला.

"तू त्या यंत्राला काय केलंस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काही नाही मावशी. थोडी दुरुस्ती... जुन्या हाका साठल्या होत्या, त्या आता..."

"पंखा बंद आहे."

"हो."

"मिस्त्रीबाबांनी पण एकदा बंद केला होता," मावशी म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी. म्हणाले, माझ्याकडून चूक झाली होती, आता सुधारली. अशीच दुपार होती. अशाच घंटा लागल्या. आणि एक नंबरच्या काकू... चांगल्या धडधाकट होत्या गं. पेपर वाचत बसल्या होत्या. माझ्यादेखत म्हणाल्या, 'थांब हो, येते तुझ्यासोबत', आणि मान टाकली. मिस्त्रीबाबांनी पुन्हा पंखा चालू केला. काय केलं विचारलं तर बोलले नाहीत. गेले तोवर बोलले नाहीत."

धाकटीने बंद दारावरच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, "योगायोग असेल."

चार नंबरची घंटा वाजू लागली.

चार नंबरमध्ये आता एक आजी होत्या. त्यांच्याआधी तिथे दुसरीच कुणीतरी बाई होती, कधीची गेलेली. मावशी धावल्या आणि धाकटी यंत्राच्या खोलीकडे. तिला मागून मावशींचा आवाज ऐकू येत होता, "आजी, उठा. उठा म्हणते ना! बाहेर चला आधी," आणि मग खुर्ची सरकल्याचा, पाय घासल्याचा आवाज. मावशींनी आजींना अक्षरशः ओढत मार्गिकेत आणलं. आजींचा उजवा हात पुढे धरलेला होता. कुणीतरी तो हातात घेतला असावा तसा.

"पाणी मागत होती बिचारी," आजी म्हणाल्या. "किती वेळची मागत्येय. आता म्हणते, एकटीला जायला भीती वाटते... जाऊ का गं मी? दारापर्यंत?"

"कुठे जायचं नाही," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग ओरडल्या, "धाकटे, हात बर्फासारखा झालाय यांचा! कोपरापर्यंत! बंद कर ते!"

धाकटीने वायर उपटली. बाजूच्या लोखंडी जाळीतल्या बॅटरीने 'टूं' केलं आणि यंत्र चालूच राहिलं. यंत्राची कळही त्याच जाळीत होती आणि जाळीला कुलूप होतं. किल्ली व्यवस्थापकांकडे, आणि व्यवस्थापक गावाला.

तिने पडद्याकडे पाहिलं. चारच्या खाली पुढची ओळ होती. क्रमांक चार हजार चारशे सतरा. खोली सात. मंगळवार, दुपारी तीन वाजून एकेचाळीस मिनिटं.

ती तारीख तिला पाठ होती.

त्या दिवशी साडेतीनला आईचा फोन आला होता. धाकटी कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होती. काय ते आता आठवतही नाही. "आई, मी कामात आहे गं. रिकामी झाले की करते." आई नेहमीसारखंच म्हणाली होती, "बरं बाई. रिकामी झालीस की कर." कधी रागावली नाही. आणि धाकटी संध्याकाळी साडेसहाला रिकामी झाली.

म्हणजे आई झोपेत गेली नव्हती. लेकीने 'नंतर' म्हटल्यापासून अकरा मिनिटांनी तिने, चालत होता त्या एका हाताने, बटण दाबलं होतं. दोनदा घंटा वाजली होती. कुणी आलं नव्हतं. पण रडायला वेळ नव्हता. पुढची घंटा सात नंबरची होती आणि सात नंबरमध्ये बाबा होते.

चार नंबरच्या आजींना तिथे येणारी बाई परकी होती, तरी त्या निघाल्या होत्या. आई हाक मारेल, तर बाबा चपला घालायलाही थांबणार नाहीत.

चारची घंटा अजून वाजत होती. धाकटीने हुकूम टाइप करायला घेतला. पडद्यावर एक अक्षर उमटेना. तिला आठवलं, मिस्त्रीबाबांनी लिहिलंच तसं होतं. घंटा वाजत असेपर्यंत यंत्र दुसरं काही ऐकत नाही. मिनिट संपलं की ऐकेल, पण मिनिट संपलं की रिकामंही होईल. आणि रिकामं झालं की...

"धाकटे."

तिने मागे पाहिलं. मार्गिकेत सात नंबरच्या दारात बाबा उभे होते. स्वेटरची सगळी बटणं लावलेली. केस पाण्याने चापून बसवलेले. बाहेर जाताना बसवायचे तसे.

"आईनं बोलावलं का गं?" ते म्हणाले. "मला वाटलं, आता बोलावेल."

"नाही बाबा. तुम्ही आत... नको, आत नका जाऊ. मावशींजवळ बसा."

"वास येतोय तिच्या मलमाचा," बाबा म्हणाले आणि दाराची चौकट धरून तिथेच उभे राहिले.

वास धाकटीलाही आला. आई कपाळाला चोळायची ते डोकेदुखीचं मलम. दोन वर्षांत त्याची बाटली या इमारतीत नव्हती.

घंटा थांबायला दहा सेकंद असतील. मग तिला सुचलं. माउस! माउस जरा जरी हलला तरी यंत्राच्या लेखी ती एक घटना असते, आणि घटना असेपर्यंत ते रिकामं नसतं. तिने डाव्या हाताने माउस धरला आणि टेबलावर वेड्यासारखा पुढे-मागे घासायला सुरुवात केली. घंटा थांबली. पडद्यावर तिची मघाची अक्षरं भसाभस उमटली. सात नंबरचा दिवा लागला नाही. माउस हलत होता तोवर लागणार नव्हता.

उजव्या हाताच्या एका बोटाने ती टाइप करू लागली. तसं म्हटलं तर पन्नासचं पुन्हा शून्य करता आलं असतं. पण मग आईची हाक रांगेत तशीच राहिली असती, आणि उद्या कुणीतरी दुसरा शहाणा तिच्यासारखाच येऊन दुरुस्ती करून गेला असता. ती हाक रद्दच करायला हवी होती.

रद्द. चार, चार, एक. डावा हात अवघडून आला होता. घामाने माउस निसटला, क्षणभरच थांबला, आणि सात नंबरच्या दारावर काहीतरी लालसर चमकून विझलं. बाबा एक पाऊल आत वळले.

"बाबा!"

"अगं, दारापर्यंत जातो फक्त."

सात. चारही आकडे झाले. आता शेवटचं बटण दाबायचं उरलं होतं. आणि तेवढ्या वेळात धाकटीच्या मनात स्वच्छ, शब्दाशब्दाने आलं, की आपण आईला दुसऱ्यांदा नाही म्हणतो आहोत. पहिल्यांदा माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

"आई, माफ कर," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

ओळ पडद्यावरून गेली. मलमाचा वास एकदम ओसरला. धाकटीने लगोलग पन्नास खोडून शून्य लिहिलं. पंखा आधी कुरकुरला, मग पहिल्यासारखा बोंबलू लागला, आणि मावशी मार्गिकेतच फतकल मारून खाली बसल्या. आजींचा हात त्यांनी पदराखाली धरून ठेवला होता.

संध्याकाळपर्यंत तो हात कोमट झाला. व्यवस्थापकांचा भाऊ किल्ली घेऊन आला. जुनं यंत्र बॅटरीसकट बंद झालं, रांगेत राहिलेल्या हाका त्याच्याबरोबर गेल्या आणि नव्या यंत्रात धाकटीने ती वेगळी रांग ठेवलीच नाही.

निघायच्या आधी ती बाबांच्या खाटेशी बसली. ते थकल्यासारखे दिसत होते, पण शांत होते.

"आली होती ती," ते म्हणाले. "उंबऱ्यापर्यंत आली. मी म्हटलं, चल, निघतो. तर म्हणाली, 'नको. धाकटीनं नाही म्हटलंय, तुम्ही राहा.' चिडली नव्हती हो, तू मनाला लावून घेऊ नकोस." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "म्हणाली, 'मी थांबते. ती रिकामी झाली की तिलाच बोलावते.'"

त्यानंतर धाकटी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नाही. तिचे हात सतत काहीतरी करत असतात. कंपनीत चर्चा चालू असताना ती कागदाच्या घड्या घालते. जेवताना डाव्या हाताची बोटं टेबलावर टकटक करत राहतात. झोपतेही कूस बदलत, बडबडत, आणि उठते ती दमून. हाताखालचे सात जण मागे तिची नक्कल करतात. बाबांना भेटायला येते तेव्हा लोकर घेऊन येते आणि विणत बसते. काय विणते विचारलं तर तिलाही सांगता येत नाही.

महिन्याभराने दारांवरचे जुने लाल दिवे काढायला वायरमन आला. धाकटी त्या दिवशी तिथेच होती, बाबांच्या खोलीत, मान खाली घालून विणत. वायरमन शिडीवर चढला, त्याने सात नंबरच्या दारावरच्या दिव्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ताई, याची वायर तर मी मागच्याच आठवड्यात तोडली," तो म्हणाला. "ही बघा, टोक लोंबतंय. मग हा गरम कसा?"

धाकटीने वर पाहिलं नाही.

"जरा स्वस्थ बस की गं," बाबा प्रेमाने म्हणाले. "दोन मिनिटं. ठेव ते खाली."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या सुया आणखी भराभर चालू लागल्या.